पिठाचा खोकला

बेकरीत कामाला लागले त्या पहिल्या सकाळी मागच्या खोलीतून खोकला ऐकू आला आणि मी हातातला ट्रे खाली ठेवला. कोरडा, आखूड, एकामागून एक, आणि शेवटी शीळ वाजावी तसा लांब श्वास. मालकीणबाई काउंटर पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सर्दी झालीय त्याला," त्या म्हणाल्या. बाहेर कडक ऊन होतं, इथल्या उन्हाळ्याचं, ऐन ऑगस्टचं.

सर्दी नव्हती ती. मी या खोकल्याच्या घरातच लहानाची मोठी झाले आहे.

माझे बाबा नागपुरात कापडगिरणीत होते, सूतकताईच्या खात्यात. पाळी संपवून यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव बसलेली असायची. रविवारी जरा बरे असायचे. सोमवारी कामावर गेले की छाती आवळून यायची, रात्री उशीला टेकून बसून राहायचे. "काही नाही वं पोरी, कापूस बसला घशात," म्हणायचे आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचे. पुढे गिरणी बंद पडली. खोकला मात्र चालूच राहिला. मी बारावीत असताना ते गेले.

नेदरलँड्समध्ये आलो तेव्हा आम्ही आधी हूफडॉर्पला राहायचो. मग नवऱ्याला आइंडहोव्हनमध्ये काम मिळालं. तिथे घरं परवडेनात, म्हणून बसने पाऊण तासावरच्या या गावात आलो. दक्षिणेतलं लहानसं गाव. मधोमध विटांचं चर्च, चर्चपासून निघणारा एकच मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर दुकानं. आम्ही आलो तेव्हाच चपलांचं दुकान आणि खेळण्यांचं दुकान बंद झालेलं होतं. खाटीक होता, सायकलवाला होता, लोकर विकणाऱ्या दोघी बहिणी होत्या आणि ही बेकरी होती. बुधवारी सकाळी चर्चसमोर बाजार भरायचा, त्यात तळलेल्या माशांची गाडी आणि चीजची गाडी यायची. बाकी सगळी खरेदी गावाबाहेरच्या वळणावर, मोठ्या सुपरमार्केटात. तिथे पार्किंग फुकट होतं.

मुलगी शाळेत जायला लागली होती आणि माझ्याशी डचमध्ये बोलू लागली होती. मी मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. तिच्या तोंडचं मला निम्मं कळायचं. भाषा शिकायची तर माणसांत जायला हवं म्हणून मी बेकरीच्या काचेवरची 'मदतनीस हवी' ही पाटी बघून आत शिरले. मालकीणबाईंनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "उभं राहून पाय दुखतात का तुझे?" नाही म्हटल्यावर त्यांनी एप्रन दिला.

गिऱ्हाइकाला पाव कापून हवा का, एवढं एक वाक्य आधी शिकले. मग पावांची नावं. मग निरोपाचा शब्द. बाकी देशात लोक निरोप घेताना वेगळं काही म्हणतात, आमच्या भागात 'हाउडू' म्हणतात. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा शनिवारच्या रांगेतले सगळे हसले, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले, निदान दुकानाच्या दारापर्यंत.

मालक मला फार कमी दिसायचे. मी यायचे तेव्हा त्यांचं भाजण्याचं काम उरकलेलं असायचं आणि ते पुढच्या दिवसाचं पीठ मळायच्या तयारीत असायचे. उंच, खांदे पुढे झुकलेले, हात कोपरापर्यंत पांढरे. त्यांच्या आजोबांनी ही भट्टी घातली होती. भिंतीवर एका खिळ्याला तोंडावर लावायचा मास्क लटकत असायचा, पट्टा तसाच कडक, कधी न वापरलेला.

एकदा मी मागे ट्रे धुवायला गेले होते. त्यांना उबळ आली, ते टेबलाला धरून उभे राहिले. ओसरल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "घाबरलीस?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना असाच होता. कापसाच्या धुळीने."

त्यांनी हात पुसले. "पिठानेही होतो. डॉक्टर तेच सांगतो. म्हणतो, दुसरं काम बघ." त्यांनी विचारलं, "मग? तुझ्या वडिलांचं काय झालं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी इतक्या सरळ विचारलं होतं. "गेले," मी म्हटलं.

"किती वर्षांचे होते?"

"तुमच्याहून लहान."

ते हसले. खरंच हसले. "म्हणजे मी जिंकलो," म्हणाले आणि पुन्हा पिठात हात घातले.

दुसऱ्या हिवाळ्यात, कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यात, ते पीठ मळायच्या यंत्रापाशी कोसळले. दक्षिणेत कार्निव्हल म्हणजे सोंगं घेऊन नाचायचा सण, आठवडाभर आधीपासूनच सगळं गाव वेडं होतं, आणि सॉसेज भरलेल्या लांबट पावांची नुसती लूट असते. दुकान भरलेलं होतं. आम्ही दोघी पुढे होतो, मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मालकीणबाई हातातली पिशवी तशीच टाकून धावल्या. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा रस्त्यावर जोकरांचे आणि शेतकऱ्यांचे पोशाख घातलेली माणसं बाजूला होऊन उभी राहिली. एकाने डोक्यावरची मोरपिसांची टोपी काढली.

ते परत आले ते नाकात नळी आणि बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. खाली पिठाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं फुप्फुसाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दुकानाच्या वरच त्यांचं घर होतं. खिडकीपाशी खुर्ची टाकून ते रस्ता बघत बसू लागले. मुलगा ग्रोनिंगनला होता, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो दोन दिवस येऊन गेला. बेकरी घेण्याबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही काही म्हटलं नाही.

मला वाटलं दुकान बंद होईल. पण पुढच्या आठवड्यात मागच्या बोळात एक पांढरा ट्रक आला. खोक्यांत अर्धवट भाजलेले, गोठवलेले पाव होते. भट्टीत घालून थोडा वेळ ठेवायचे, बाहेर काढले की गरम, खरपूस, सगळे अगदी एकसारखे. मालकीणबाई मला म्हणाल्या, "कोणी काही विचारलं तर तू बोलू नकोस. मला हाक मार."

कोणी विचारलं नाही. ट्रक बोळात उभा असायचा तेव्हा समोरच्या घरातल्या बाई खिडकी पुसत असायच्या, म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या गावाला माहीत. पण तोंडावर कोणी बोलायचं नाही, ही इथली रीत. फक्त एक निवृत्त मास्तर रोज अर्धा पाव न्यायला यायचे, ते एकदा म्हणाले, "जरा हलका लागतो हल्ली."

"पीठ बदललंय," मालकीणबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली, पैसे दिले, हाउडू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही आले. बरेच दिवस सगळेच आले. नेहमीपेक्षा जरा जास्तच बोलायचे, मालकांची विचारपूस करायचे, एखादा जास्तीचा केक घ्यायचे. मग शनिवारची रांग दारापर्यंतच राहिली. मग काउंटरपर्यंत. उन्हाळ्यात मास्तरही मला सुपरमार्केटच्या दारात दिसले. त्यांच्या पिशवीतून प्लॅस्टिकमधला पाव डोकावत होता. त्यांनी मला पाहिलं आणि सायकलचं कुलूप काढण्यात फार वेळ घालवला.

मला राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मीही तिथे भाजी घ्यायलाच गेले होते.

वर चहा-कॉफी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मालकांना पाव मात्र मालकीणबाई कधी देत नसत. त्यांना सूप आणि दह्यावर ठेवलं होतं, गिळायला सोपं म्हणून, असं त्या सांगायच्या. एका सकाळी मी कप ठेवून वळले तर ते म्हणाले, "खालून एक पाव आण. आजचा."

"विचारून येते."

"विचारू नकोस. आण."

मी आणला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, खालून बोटाने टकटक वाजवला. मग फोडला. नळी बाजूला सारून आतला मऊ भाग नाकापाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. खाली भट्टी त्यांचीच होती, वास त्यांच्याच चिमणीतून वर येत होता. इतके दिवस त्यांना काय कळलं नसेल?

एक तुकडा त्यांनी खाल्ला. चावायला खूप वेळ लागला. श्वास घ्यायला मध्ये थांबावं लागत होतं.

"तिला सांग," ते म्हणाले, "चांगला झालाय."

मी खाली आले. मालकीणबाई पैशांच्या गल्ल्यापाशी उभ्या होत्या, रिकाम्या दुकानात. मी निरोप सांगितला. त्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाल्या, "खिडकीतल्या टार्टवर माशी बसलीय, बघ जरा."

मालक नोव्हेंबरात गेले. मी दुकानात एकटीच होते. मालकीणबाई जिन्यावरून खाली आल्या तेव्हा दुपार टळत आली होती. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, केस नीट मागे घेतलेले. त्यांनी सरळ जाऊन दारावरची पाटी उलटी केली. तेवढ्यात एक तरुण बाई काचेवर टकटक करू लागली, कडेवर लहान मूल. मुलाच्या वाढदिवसासाठी तिने जर्दाळूचा टार्ट सांगून ठेवला होता.

मालकीणबाईंनी दार उघडलं. टार्ट खोक्यात घातला, दोरी बांधली, दोरीला धरायला फास केला. मुलाला हातात एक बिस्कीट दिलं, कितवा वाढदिवस म्हणून विचारलं. त्या तरुण बाईने पैसे दिले, मालकीणबाईंनी सुट्टे परत दिले. "हाउडू," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो गेला."

मी वर गेले. यंत्र अजून चालू होतं, नळी जमिनीवर हवा सोडत होती. मी ते बंद केलं. त्यांच्या पायांशी उभी राहून मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं, बाबांच्या वेळी आईने म्हणायला लावलं होतं तसं. त्या खोलीत त्याचा अर्थ कोणाला कळला नसता, पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

अंत्यविधीला चर्च भरून गेलं. मी मागच्या बाकावरून पाहत होते. शनिवारच्या जुन्या रांगेतली सगळी माणसं तिथे होती. नंतर शेजारच्या हॉलमध्ये कॉफी आणि खाणं होतं. खाणं सुपरमार्केटातून मागवलेलं होतं, दुकान त्या आठवड्यात बंद होतं, दुसरीकडून येणार तरी कुठून? सॉसेजचे पाव गार आणि चिवट होते. एक गृहस्थ चावता चावता शेजाऱ्याला म्हणाले, "त्याने हे तोंडात घातलं नसतं."

मालकीणबाई त्यांच्या अगदी मागे कॉफीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. "नसतं घातलं," त्या म्हणाल्या. "दूध हवं?"

नाताळापर्यंत त्यांनी दुकान चालवलं आणि मग बंद केलं. मुलगा आला होता. दोन माणसं येऊन भट्टीचे दरवाजे आणि पीठ मळायचं यंत्र काढून घेऊन गेली. यंत्र बोळातून निघेना, म्हणून त्यांनी ते तिथेच तोडलं. सांध्यांतून वर्षानुवर्षांचं पीठ खाली सांडलं, पिवळं पडलेलं. मुलगा खोकायला लागला. मालकीणबाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला इतक्या जोरात मागे ओढलं की तो भिंतीवर आदळला. "लांब राहा," त्या ओरडल्या. एवढ्या दिवसांत मी त्यांना ओरडताना ऐकलं ते तेवढं एकदाच.

खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, रिकाम्या दुकानाच्या काचेवर ट्यूलिपच्या शेताचं मोठं चित्र चिकटवलं. रस्ता उदास दिसू नये म्हणून. पलीकडच्या लोकरीच्या दुकानावरही आता तसंच आहे.

मी आइंडहोव्हनला एका कॅन्टीनमध्ये कामाला लागले. मालकीणबाई चर्चमागच्या वृद्धांच्या इमारतीत दोन खोल्यांत राहतात. मी सोमवारी जाते. मागच्या सोमवारी आम्ही बसलो होतो, बाहेर दुपारी चारलाच अंधारून आलं होतं. त्यांनी अचानक विचारलं, "तुझ्या आईने काय केलं? वडील गेल्यावर?"

"शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं."

"ते नाही विचारत. ती काय करायची?"

मी आठवून पाहिलं. "सोमवारी रात्री उठून बसायची," मी म्हटलं. "बाबा उठायचे म्हणून. खूप वर्षं."

"मग सवय गेली?"

"नाही. माझं लग्न झालं तेव्हाही उठायची. आता मी इथे, ती तिथे. विचारलं नाही."

त्या म्हणाल्या, "मलाही अजून रात्री जाग येते. सगळे सांगतात, जाईल हळूहळू." मग उठून त्यांनी दोन्ही कप उचलले, माझा अर्धा भरलेला होता तोही, आणि सिंकमध्ये नेऊन ओतला. मी कोट घातला. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. पाण्याचा नळ चालूच होता.