तिक्यो पालमारेसच्या हातातलं पिस्तूल

तिक्यो पालमारेस मिठागरावर राबणाऱ्या बाईचा मुलगा. शाळा टेकडीपलीकडं होती, उशीर झाला की छडी बसायची, म्हणून मी पळायला शिकलो, असं तो सांगायचा. देशभरातल्या शाळांच्या स्पर्धेत आमच्या प्रांताचं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं ते त्याच्यामुळं. पुढं तो खेळाचा मास्तर झाला, मग प्रांताच्या मंडळावर निवडून गेला, आणि ॲथलेटिक्स संघटनेचा अध्यक्षही झाला. शाळेत त्याच्या जागी मी लागलो. थोरल्या भावाला म्हणावं तसं आम्ही सगळेच त्याला मानोंग म्हणायचो, आणि त्याच्या बायकोला, पुरिताला, थोरल्या बहिणीसारखं मानांग.

साधुसंत नव्हता तो. मेहुण्याला मैदानाचा रखवालदार करून टाकलं होतं, आणि मेहुणा दिवसभर कोंबड्यांच्या झुंजीवर. भाषणाला उभा राहिला की खाली बसायचा नाही. पण कुणाच्या घरी माणूस गेलं की प्रेताशेजारी रात्र जागवायला मानोंग हटकून हजर, खिशात पत्त्यांचा जोड घेऊन.

राजकारणात त्याला आणलं त्रासमोंते घराण्यानं. आधी बाप गव्हर्नर, मग मुलगा, दोघांचंही नाव अमादो. मानोंगची मुलगी ज्युडित, आता कॅनडात नर्स आहे, तिच्या बाप्तिस्म्याला हा धाकटा अमादोच धर्मपिता होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना ‘पारे’ म्हणत.

बिनसलं ते मैदानावरून. मैदान धक्क्याला लागून आहे. तिथं सिमेंटची गोदामं बांधायचं गव्हर्नरनं ठरवलं. मंडळात सगळ्यांचे हात वर गेले, मानोंगचा खाली राहिला. त्याचं बघून आणखी काहींनी आपले हात खाली घेतले. ठराव बारगळला. निवडणूक आली तेव्हा मानोंगनं उपगव्हर्नरपदासाठी अर्ज भरला, तोही गव्हर्नरच्या जावयाविरुद्ध.

गव्हर्नर स्वतः त्याच्या घरी आला. मी तिथंच होतो. पुरितानं तळलेली केळी पुढं ठेवली, ती त्यानं चवीनं खाल्ली.

“गुडघे कसे आहेत, पारे?”

“पळता येतं अजून.”

“मग ज्युडितकडं जाऊन ये. बर्फ बघ. पोरीलाही बरं वाटेल.”

“निवडणूक झाली की जाईन.”

“आत्ता जा,” गव्हर्नर म्हणाला. आवाज अगदी मऊ होता. बोटं पुसून तो उठला आणि जाताना पुरिताच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मानांग, केळी फक्कड झालीत.”

त्यानंतर आठवडाभरात मानोंगच्या दाराशी फुलांचं मोठं चक्र आलं, शवपेटीजवळ ठेवतात तसलं. फितीवर मानोंगचं पूर्ण नाव. रिक्षावाला घाबरून म्हणाला, “मला भाडं दिलं, मानांग. बाकी आईशप्पथ काही ठाऊक नाही.” पुरितानं ते अंगणात जाळलं. ओली फुलं लवकर पेटेनात.

गावाला कळायचं ते कळलं. बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला मुंगी शिरायला जागा नव्हती, पोरं पत्र्यावर चढली होती. मानोंग पहिल्या रांगेत बसला आणि त्याच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या सामना संपेपर्यंत रिकाम्या राहिल्या. मागच्या रांगेतलीही माणसं हळूहळू सरकली. मी जाऊन शेजारी बसलो, तर तो पुढं बघतच पुटपुटला, “ऊठ. तुझी पोरं लहान आहेत.” मी उठलो.

प्रांताच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या. शर्यत सोडायचं पिस्तूल दरवर्षी मानोंगच उडवायचा.

“यंदा दुसऱ्या कुणाला देत नाही?” पुरिता म्हणाली.

“कुणाला देऊ? सांग नाव.”

तिला नाव सुचलं नाही. ज्याचं घेईल त्याच्यावरच संकट जाणार होतं.

“भीती वाटत नाही का रे तुला?”

“वाटते. शर्यतीआधी वाटायची तशीच. पळायला लागलो की जायची.”

“पण तू पळत कुठं आहेस?” ती म्हणाली. “तू तर नुसता उभा आहेस.”



मुलींची शंभर मीटरची शर्यत होती. मी शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभा होतो. आम्ही आवाजावर घड्याळ दाबत नाही. आवाज पोचायला वेळ लागतो, म्हणून पिस्तुलाच्या धुरावर नजर ठेवायची. पलीकडच्या टोकाला मानोंग, एका बाहीवर लाल कापड, हात वर. मुली ओणवल्या. मैदान एकदम गप्प झालं, माडांची झावळी तेवढी सळसळत होती.

बार झाला. धूर दिसला नाही.

धुराची वाट बघत मी घड्याळ दाबलंच नाही. पण मुली सुटल्या होत्या, लोक ओरडत, टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं पाहिलं. वर धरलेला हात तिथं नव्हता. पहिली आलेली पोरगी धापा टाकत मला विचारत होती, “सर, किती वेळ लागला? सर?” तिच्या मागं, मैदानाच्या त्या टोकाला, बायकांच्या किंकाळ्या सुरू झाल्या.

माडांमागून एक मोटारसायकल गेली. नंबर कुणी पाहिला नाही. रंगही कुणी पाहिला नाही. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, उमेदवाराच्या हातात पिस्तूल होतं. रेडिओवर तेवढंच सांगितलं.

मेलेल्या उमेदवाराच्या जागी त्याच आडनावाचं माणूस उभं राहू शकतं. दफन झालं, आणि पुरितानं काळ्या कपड्यातच जाऊन अर्ज भरला. तिच्या सभांना कुणी फिरकलं नाही. दारं लावून घेऊन लोक आतून ऐकायचे. पण मतं तिला पडली, आणि ती निवडून आली.

उपगव्हर्नर म्हणून मंडळाची सभा तीच चालवते. पहिल्याच सभेत गोदामांचा ठराव पुन्हा आला. बाजूची आणि विरोधाची मतं सारखी पडली. अशा वेळी निकाल अध्यक्षाच्या मतावर लागतो. पुरितानं विरोधात मत दिलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बाहेर जिन्यावर गव्हर्नर थांबला होता. तिला वाट देत म्हणाला, “छान सभा चालवलीत, मानांग. ज्युडित येतेय म्हणे पुढच्या महिन्यात?”

पुरितानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

“विमानतळावर गाडी पाठवतो,” तो म्हणाला. “माझीच पोर आहे ती.”

घरी येताच तिनं मुलीला फोन केला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मुलगी रडली, चिडली, तिनं फोन ठेवून दिला. पुढच्या सोमवारी सभा होती. पुरिता वेळेआधी जाऊन आपल्या जागेवर बसली.