फिटरबाई बोलायला शिकल्या

पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर असलेल्या बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं एका सकाळी प्रेसखाली गेली. जखम भरली, पण हातात लोखंड घासायची कानस काही टिकेना. घरी बसून बाईंचा जीव कावला. नवरा समजावायचा, "जन्मभर राबलीस, आता आराम कर." त्यावर बाई म्हणायच्या, "आरामानं हाडं गंजतात."

त्यांची जाऊ आमच्या शाळेत शिपाई होती. तिनं मुख्याध्यापिकांच्या कानावर ही गोष्ट घातली. शाळेत तंत्रविषयाची खोली होती, शिक्षक मात्र नव्हते. आम्ही आठवीतली मुलं कानशीचं चित्र वहीत रंगवून पैकीच्या पैकी गुण मिळवत होतो. खरी कानस कुणीच धरली नव्हती. मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावलं आणि खोलीची किल्लीच हातात दिली.

पहिल्याच तासाला मी पत्र्याची कड घासत होते. "अगं, अशी नाही!" म्हणत बाईंनी कानस घेतली आणि ती त्यांच्या हातून खाली पडली. बाईंचा चेहरा एवढासा झाला. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "बाई, तुम्ही नुसतं सांगा. आम्ही करतो."

बाई गोंधळल्या. हाताला ठाऊक असलेलं तोंडाला कुठे ठाऊक होतं! डोळे मिटून त्यांनी रिकाम्या हातानंच हवेत कानस चालवून पाहिली. मग सावकाश म्हणाल्या, "पुढे जाताना दाब. मागे येताना सैल सोड." मी तसं केलं. कड सरळ उतरली. बाई माझ्यापेक्षा जास्त हरखल्या.

शाळेच्या गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची. त्यावर काहीतरी करा, असं बाईंनी आम्हाला सांगितलं. आम्ही पाण्यावर झाकणबंद बाटली तरंगत ठेवली आणि तिच्यावर उभी सळई बसवली. पाणी चढलं की सळईनं वरचं बटण दाबायचं आणि सेलवरची घंटा वाजायची. सळई सरळ राहावी म्हणून ती एका पट्टीतल्या भोकातून नेली. भोक मी पाडलं होतं, अगदी मापात माप. मी भारी खूश!

घंटा वाजली ती नेमकी चाचणी परीक्षेत, आणि थांबेचना. टाकी अर्धी रिकामी झाली तरी ठणाणा चालूच. गणिताचे सर वर्गातून ओरडले, "आग लागली की सुट्टी झाली, ते तरी सांगा!"

मी रडकुंडीला आले. बाई मात्र रागावल्या नाहीत आणि काय चुकलं तेही सांगेनात. गच्चीवर माझ्या शेजारी बसून त्यांनी एवढंच सांगितलं, "अडकतंय कुठे, ते बघ."

सळईवर एक चकचकीत ओरखडा होता. "भोकाच्या कडेला घासतेय," मी म्हणाले. "वर गेली की तिथेच धरून बसते."

"मग?"

"भोक जरा सैल करू?"

"मला काय विचारतेस? सळईला विचार."

गोल कानशीनं भोक वाढवलं. पाणी खाली गेलं तशी सळई अलगद उतरली आणि घंटा गप्प झाली. त्या दिवसापासून घंटा वाजली की बाईंची जाऊ पंप बंद करायची, आणि टाकी वाहायची थांबली.

वर्ष सरता सरता कारखान्यातले साहेब शाळेत आले. बाईंना म्हणाले, "परत या. बसून मालाची तपासणी करायची, हाताला त्रास नाही."

बाईंचे डोळे भरून आले. "आठवण ठेवलीत, फार बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण साहेब, बोटं गेली तेव्हा वाटलं होतं, माझी सगळी विद्याच गेली. या पोरांनी ती माझ्याकडून वदवून घेतली. आता त्यांना सोडून कुठे येऊ?" मग हसल्या. "त्यापेक्षा एक दिवस या सत्तावीस जणांना कारखान्यात सोडा. यांनी अजून मोठ्या लेथवर लोखंड कातलेलं पाहिलेलं नाही."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही गेलो. बाई सगळ्यांत पुढे होत्या, आणि यंत्रांवरची माणसं हात पुसत त्यांना भेटायला येत होती.