बोनाफाईडवरची तारीख

कबड्डीत मी डावा कोपरा सांभाळायचो. घोट्याची पकड ही माझी खासियत. तिच्या जोरावर चार वर्षं जिल्ह्याकडून खेळलो. मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि खेळ संपला. भिवंडीतल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक म्हणून लागलो आणि मुलींचा संघ बांधायला घेतला. खेळाडू म्हणून जे हुकलं, ते प्रशिक्षक म्हणून मिळवायचंच, असं डोक्यात बसलं होतं.

शेलार गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एक मुलगी चालत शाळेत यायची. आईवडील मजुरीला जायचे. चढाईत तिचा घोटा मलाही धरता आला नसता, असं मी एकदा बायकोला म्हणालो होतो.

जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर लक्षात आलं, की वयाच्या मर्यादेपेक्षा ती दोन महिन्यांनी मोठी आहे. बोनाफाईड दाखले मीच भरायचो. तिच्या जन्मतारखेत एक वर्ष पुढचं टाकलं. मुख्याध्यापकांनी माझ्या भरवशावर सही केली. तिला मी काहीच सांगितलं नाही.

उपांत्य सामना तिच्याच चढायांवर जिंकलो. समोरच्या संघाने हरकत घेतली, शाळेचं रजिस्टर मागवलं गेलं. टेबलामागे जिल्हा संघटनेचे तिघं जण बसले होते. ती माझ्या शेजारी उभी, अंगावरची माती तशीच.

"सर, ही तारीख कुठून आली?"

"मुलीने सांगितली तशी लिहिली. घाईत रजिस्टर बघायचं राहिलं," मी म्हणालो.

"काय गं, तू सांगितलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही.

"हां. मीच सांगितली."

निकाल रद्द झाला. तिला वर्षभर खेळायला बंदी, मला समज. सोमवारी ती शाळेत आली नाही, नंतरही नाही. पाड्यावर जायचं मी रोज ठरवायचो. गेलो नाही. पुढे जिल्ह्याचा प्रशिक्षक झालो, शाली-श्रीफळं मिळाली. एका सत्कारात तर मी म्हणालो, की मैदान माणसाला खरं बोलायला शिकवतं. टाळ्या पडल्या.

गेल्या वर्षी संघासाठी मॅट आणायला काल्हेरच्या एका गोदामात गेलो. दारावर आलेला माल तपासणारी बाई माझ्याकडे बघून थांबली.

"सर, गुडघा कसा हाय?"

आवाजावरून ओळखलं. बाजूला घेऊन कसंबसं म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत हाय ना. मी तिथंच होते."

"तू का मान्य केलंस?"

"तुमचं तोंड बघितलं. लई घाबरला होता." तिने हातातला स्कॅनर खाली ठेवला. "त्याचं एवढं वाटलं न्हाय, सर. पण बंदी संपली तवा वाटलं, आता सर घरी येतील, चल म्हणतील. आई पण विचारायची. तुम्ही आलाच न्हाय."

मी माफी मागितली. तिने मान हलवली. ते हो होतं की नाही, कळलं नाही. ट्रक लागला होता, ती गेली.

त्याच आठवड्यात मी संघटनेला सगळं लिहून दिलं. सचिव म्हणाले, "कशाला जुनी मढी उकरता? सिझन तोंडावर आहे." पत्राचं पुढे काहीच झालं नाही. मीच जिल्ह्याचा संघ सोडला. शाळेच्या मुलींना सरावाआधी बसवून खरं ते सांगितलं. मग आमची कर्णधार म्हणाली, "सर, मग आमचे दाखले आम्हीच ऑफिसातून आणू?"

"आणा," मी म्हणालो.

तेव्हापासून त्या स्वतः रजिस्टर बघून दाखले घेतात. मी त्या दाखल्यांना हात लावत नाही.