बाळ बाहेर नेणाऱ्या कुमरे सिस्टर

हिंगणघाटच्या त्या प्रसूतिगृहात बाळंतखोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत एक लहानसा बोळ आहे. तेवढ्या वाटेवर नर्स अन्नपूर्णा कुमरे यांची आजवरची सारी नोकरी झाली. आईच्या छातीशी बाळानं पुरती ऊब घेतली, की त्याचं वजन करायचं, घरून आणलेल्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळायचं (पहिल्या दिवशी नवं कापड चालत नाही), आणि दाराशी ताटकळलेल्या माणसांच्या हाती द्यायचं. बाकीची कामं त्या वाटून घेत, हे मात्र कुणाला देत नसत. एखाद्या आजीला "मान धरा, मावशी" असं दटावण्यात त्यांना जे सुख मिळायचं, ते पगारात नव्हतं.

माहेर हिंगणीचं, बोर अभयारण्याच्या जंगलालगतचं. आई रामबाई तेंदूपत्ता तोडायला जायची, आणि पोरगी नर्स झाली म्हणून जंगलातल्या झाडांनाही सांगत फिरायची. नवरा हेमराज कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मूल झालं नाही. डॉक्टर झाले, देव झाले, नागपूर झालं. मग एक दिवस हेमराजच म्हणाला, "आता पुरे. तुले त्रास होऊन राह्यला." त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. बरे राहतात, भांडतात, टीव्हीचा रिमोट एकमेकांपासून लपवतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सिस्टर बाळ घेऊन निघाल्या आणि काजलनं वाट अडवली. काजल म्हणजे नुकतीच रुळलेली तरुण नर्स, हातानं चलाख आणि जिभेनं त्याहून चलाख. दार उघडं होतं, माणसं ऐकत होती.

"सिस्टर, तुमी नका नेऊ," ती हसत हसत म्हणाली. "आचलले नेऊ द्या, तिले दोन लेकरं हाय. लोकायले चालत नाई."

सिस्टरांनी बाळ आचल नावाच्या दुसऱ्या नर्सकडे दिलं, "मान धरजो" म्हणाल्या आणि आत वळल्या. पण मनातून पार खचल्या. लोक काय, लोक म्हणतच आले. आपल्यासारखेच पांढरे कपडे घातलेली एखादी म्हणते, तेव्हा ते खरं वाटायला लागतं. दुपारी आणखी एक बाळ झालं आणि कुणी न सांगता तेही आचलच घेऊन गेली. असंच चाललं तर हाच नियम होईल आणि आपलं दाराशी जाणं कायमचं संपेल, हे त्यांना लख्ख दिसलं.

मेट्रनकडे जाता आलं असतं. चार जणींत काजलची खरडपट्टी काढता आली असती, तेवढी जीभ त्यांनाही आहे, हेमराजला विचारा. त्यांनी ड्युटी संपू दिली, चहाचे दोन कप घेतले आणि कपडे बदलायच्या खोलीत काजलसमोर बसल्या.

"सकाळी तू बोलली ते मले लागलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "माहं काम चुकलं तं तोंडावर सांगजो, मी आयकीन. माह्या पोटी लेकरू नाई, त्याचा ड्युटीशी काही संबंध नाई. पेशंटच्या माणसायसमोर तं असं बोलूच नको. आता बाळ मीच नेईन. पुन्हा असं झालं तं आपण दोघी मिळून मेट्रनकडे जाऊ. तुह्या पाठीमागं मी काही सांगणार नाई."

"मी गमतीनं बोलली, सिस्टर."

"मले गंमत नाई वाटली."

काजलनं कप खाली ठेवला. "माही सासू हेच म्हणते," ती हळूच म्हणाली. "लग्नाले तीन वर्सं झाली. नणंदेच्या डोहाळजेवणात ओटी भरू देल्ली नाई मले. तू लांब बस, म्हणे. तुमी बाळ नेता तं मले वाटते, उद्या मलेबी असंच कोनी अडवन. मंग मीच आधी तुमाले..." पुढचं रडण्यात गेलं.

इथं सिस्टर लगेच विरघळल्या असं समजू नका. राग होताच. तरी रुमाल काढून त्यांनी तिचं तोंड पुसलं, तान्ह्याचं पुसतात तसं, पार कानामागंसुद्धा.

"सकाळचं चूकच होतं तुहं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग उद्याचं पहिलं बाळ तू नेजो. मी मांगंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक मुलगी जन्मली. काजलनं तिला गुंडाळलं, आणि बोळातून जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. दाराशी मुलीची आजी, धुरपताबाई, उभी होती. तिनं पदर पसरला आणि मध्येच थांबवला.

"बाई, तुले लेकरंबाळं हाय का?"

सिस्टरांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. पण काजलच बोलली, "नाई, मावशी. मले नाई, या सिस्टरलेबी नाई. या दाराशी इतकी वर्सं लेकरं यायनंच आणून देल्ली. घ्या, मान धरा नीट."

धुरपताबाईनं काजलकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. हा पदर मागं गेला तर आपण पुन्हा या दाराशी यायचं नाही, असं सिस्टरांनी तेवढ्यात मनाशी ठरवूनही टाकलं.

पदर पुढं आला. म्हातारीनं नात घेतली, फडकं बोटानं बाजूला सारलं आणि घरच्या बायांना विचारावं तसं दोघींना विचारलं, "सांगा बरं, नाक कोनावर गेलं?"

एवढ्याशा जिवाला नाक ते कितीसं असणार. तरी दोघी वाकून पाहू लागल्या.

"तुमच्यावरच, मावशी," कुमरे सिस्टर म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.