सारसाला आलेलं स्थळ

मी गोंदियाच्या बाजारातली. दुकानावरच्या माडीत वाढले, हिंदी आधी शिकले आणि मराठी मागाहून. मला दिलं ते नवेगाव बांधाजवळच्या एका खेड्यात, जिथं माणसं तलावाखेरीज दुसरं काही बोलतच नसत. सासरच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधलेले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी तलावाची पाळ दाखवायला न्यायचे. पाहुणा तहानेनं कासावीस झाला तरी पाळीचं कौतुक केल्याशिवाय त्याची सुटका नसे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, नागपूरला जाऊन आला आणि बातमी घेऊन आला. शहरातल्या प्राण्यांच्या बागेची मोठी दुरुस्ती झाली होती. नवे पिंजरे बसले, मधोमध नवं तळं बांधलं, पण ठेवायला प्राणीच कमी पडत होते. आता पुढं कोणते आणावेत, असं तिथल्या साहेबानं विचारलं, तर मालगुजार छाती ठोकून म्हणाला, "आमच्याकडे काय नाही ते सांगा!"

झालं. गावानं ते फारच मनावर घेतलं. चावडीपुढं बैठक बसली. आम्ही बायका भिंतीआडून ऐकत होतो. ज्यांनी जन्मात नागपूर पाहिलं नव्हतं त्यांना तिथल्या रिकाम्या पिंजऱ्यांची केवढी काळजी! धानवाल्यांनी एकमुखानं रानडुकरं सुचवली. ढिवरांच्या म्होरक्यानं पाणमांजराची शिफारस केली. "जाळं फाडते, पन पाहाले मोठं गोड दिसते," म्हणाला. एका म्हातारीनं माकडं द्यायची तयारी दाखवली, आणि एकदोघांना करमणार नाही म्हणून सगळीच न्या, असा आग्रह धरला. माझ्या नवऱ्यानं उभं राहून खेकडा सुचवला, कारण तो तलावाच्या पाळीला भोकं पाडतो. मला तिथंच लाजून मेल्यासारखं झालं.

मालगुजारानं सगळ्यांचं हसतहसत ऐकून घेतलं आणि मामाजींकडं वळून म्हणाला, "हे सारं राहू द्या बाजूले. तुमच्या घरचा सारस पाठवू. नव्या तळ्यात तोच शोभन."

हा सारस आक्काजींचा. आक्काजी म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी त्या सासरहून एक गाठोडं घेऊन पायी परत आल्या होत्या, आणि मग इथंच राहिल्या. का आल्या, ते घरात कोणी बोलत नसे. मी दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा सासूबाईंनी माझ्यापुढं निवडायला तांदळाचं सूप सरकवलं.

एका वर्षी तलावाचं पाणी धानाला सोडलं, तेव्हा आमच्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, सारसाचं घरटं बुडालं. त्यातलं एक ओलं पिल्लू आक्काजींनी पदरात घालून आणलं. गोगलगाई, मासोळ्या, भिजवलेलं धान खाऊन ते वाढलं आणि माझ्याएवढं उंच झालं. आपण या घरातलाच एक थोरला माणूस आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. कोण आलं, कोण गेलं, याची चौकशी तोच करी. बांगडीवाल्याला त्यानं कधी अंगणात पाऊल ठेवू दिलं नाही. मालगुजाराच्या कारकुनाची छत्री त्यानं एकदा हिसकावून शेणाच्या खड्ड्यात टाकली होती. रोवणीच्या दिवसांत तो बायकांच्या ओळीत उभा राहायचा आणि एकही रोप न लावता सर्वांत जास्त ओरडायचा. मी नवी सून आले तेव्हा त्यानं माझ्याकडं वरून खाली असं पाहिलं, की सासूबाईंचं पाहणं मला त्यापुढं मायेचं वाटलं.

मामाजी मालगुजाराला "हो" म्हणून बसले. त्याला कारण होतं. गावाच्या खालच्या अंगाला आमचं एक शेत पाण्यावाचून सुकत असे. तलावाचा पाट तिथवर न्यायचा तर तो मालगुजाराच्या जमिनीतून काढावा लागणार, आणि त्याची परवानगी मामाजी कित्येक वर्षं मागत होते. "सारस पोचू दे, मंग पाटाचं पाहू," एवढं मालगुजार बोलला आणि मामाजी विरघळले. तलाववाल्याला पाण्याची लालूच दाखवली की तो काहीही देतो.

आक्काजी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "घर पाह्यल्याबिगर मी देत नाही."

सगळे हसले. नवरा तर ठसका लागेपर्यंत हसला. पण आक्काजी काही चुकीचं बोलत नव्हत्या. आमच्याकडं पोरगी द्यायची तर आधी चार माणसं जाऊन घर पाहून येतात. विहीर किती लांब, कोठीत धान किती, गोठा कोण झाडतो, सगळं बघतात. मामाजींनी डोकं खाजवलं. एक नागपूरची वारी आणि पोरीचं समाधान, एवढ्यावर भागत असेल तर स्वस्त आहे, असा त्यांनी विचार केला असावा. हिंदी येते म्हणून मलाही बरोबर घेतलं. छोट्या गाडीनं गोंदियाला, तिथं माझ्या माहेरी मुक्काम, आणि मग मोठ्या गाडीनं नागपूर. स्थळ पाहायला रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून आक्काजींनी सुक्या मासोळ्यांची पिशवी घेतली होती. डब्यातली माणसं वासानं सरकत गेली आणि आम्हाला ऐसपैस जागा मिळाली.

बागेतला बाबू मोठा सभ्य माणूस. मालगुजाराची चिठ्ठी पाहून तो स्वतः दाखवायला निघाला. तो शुद्ध मराठी बोलत होता, त्यामुळं माझी हिंदी टांगेवाल्यावरच खर्च झाली.

आक्काजींनी पाहणी सुरू केली. वाघासमोर थांबून विचारलं, "हा दिवसभर असाच पडून रायते? कायी कामधंदा?"

"नाही बाई, वाघाला कसला धंदा," बाबू म्हणाला.

"मंग सुभाव बिघडते."

मोराला त्यांनी नापास केलं, कारण तो फार नटवा. हरणं त्यांना गरीब वाटली, शेजाराला चांगली. माकडांच्या पिंजऱ्याकडं बघून म्हणाल्या, "खटलं मोठं हाय. भांडनं असतीन." बाबू आधी गालात हसत होता. पण पाणी कोण भरते, आजारी पडलं तर कोण बघते, सणावाराला काय देता, असे प्रश्न येत गेले तसा तो मुलाच्या बापासारखा जपून उत्तरं देऊ लागला. वाघाला थोडा खोकला आहे, हे त्यानं लपवलं. वाघानंच ते उघड केलं.

मग नवं तळं आलं. खरोखर सुंदर होतं. चकचकीत सिमेंटचा काठ, भोवती लोखंडी कठडा, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. मामाजी पाहतच राहिले. त्यांच्यातला तलाववाला जागा झाला आणि ते काठ ठोकून बघायला लागले. "काम पक्कं हाय बाप्पा," म्हणाले. माझ्या मनात आलं, आता सारस गेला.

आक्काजींनी पातळ वर खोचलं आणि कठड्याखालून वाकून सरळ पाण्यात पाय टाकला. बाबू "बाई, बाई" करत राहिला. त्यांनी पायानं तळ चाचपला. इकडं, तिकडं, पुन्हा इकडं.

"चिखल कोठी हाय?"

"चिखल कसा असेल? सगळं नवं बांधलंय. रोज घासतो आम्ही."

"मंग तो पायानं धुंडन काय?"

"धुंडायची गरजच नाही बाई. मासे आम्ही देऊ ना, वेळच्या वेळी. त्याला बसून खायचं."

"आन् संगं कोन?"

बाबू जरा घुटमळला. "सध्या एकटाच. पुढं बघू."

आक्काजी पाण्यातच उभ्या राहिल्या. बाबूला वाटलं असावं, की एवढ्या चोखंदळ बाईचा सल्लाच घ्यावा. तो अगदी आदरानं म्हणाला, "मग तुम्हीच सांगा बाई, या तळ्यात कोणता प्राणी आणावा?"

त्यांनी बराच विचार केला. कोणाची थट्टा करायची म्हणून नव्हे, खरंच विचार केला. आणि म्हणाल्या, "ज्याले माहेर आठवत नसन, असा कोनता असन तं आना. त्याले इथं कायी कमी नाही. दानापानी हाय, छप्पर हाय, कोनी मारत नाही. मले होतं त्याच्यापेक्षा बेस हाय."

बाबूला त्यातलं शेवटचं कळलं नाही. मला कळलं. मामाजी काठ ठोकायचे थांबले होते. ते कठड्यापाशी आले, आक्काजींना वर यायला हात दिला, आणि माझ्यासमोर, त्या परक्या माणसासमोर म्हणाले, "तुहं घर मी पाह्यलं नव्हतं. मोठ्या लोकाइचं घर, पाहाले गेलो तं त्याइचा अपमान होईन, असं वाटलं मले."

"मालूम हाय," आक्काजी म्हणाल्या आणि पाय पुसायला लागल्या.

सुक्या मासोळ्यांची पिशवी त्यांनी बाबूच्या हातात दिली.

गावी पोचल्यावर मामाजी पायसुद्धा न धुता मालगुजाराकडं गेले. मी आणि नवरा मागोमाग गेलो, कारण भांडण होणार हे दिसतच होतं. मालगुजार ओसरीवर पान लावत बसला होता.

"काऊन गा, कवा पाठवून राहिला सारस?"

"नाही जमत, मालक."

"नाही जमत म्हंजे? शब्द देल्ला होता तू! पाट पाह्यजे का नाही तुले?"

"पाह्यजे होता," मामाजी म्हणाले. आमच्या त्या सुकलेल्या शेताची त्यांना किती आच होती, ते मला ठाऊक होतं. ते पुढं म्हणाले, "पन पोरीनं घर पाह्यलं. नाही म्हंते."

मालगुजाराचा हात पानावर थांबला. असलं कारण त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "पोरगी नाही म्हंते? कोनती पोरगी?"

"माही," मामाजी म्हणाले.