गव्हावर गहू

धम्मपाल खंदारे यांना तक्ते करण्याचा भारी नाद. सेलूच्या विशेष मुलांच्या शाळेत ते शिकवायचे. दात घासण्यापासून हात करून बस थांबवण्यापर्यंत जगातली कुठलीही गोष्ट चार चित्रांत बसते, असा त्यांचा ठाम समज होता. बायको म्हणायची, "बरं झालं, लग्नात तुमी सप्तपदीचा तक्ता न्हाई लावला!" बौद्ध पद्धतीच्या लग्नात सप्तपदी नसतेच, हे तिला सांगण्यात ते पाच मिनिटं घालवायचे.

एका बाबतीत मात्र या माणसाचा जीव टांगणीला लागायचा. अठरा पूर्ण झाली की शाळेतून नाव कमी होतं. मागच्या साली अशी तीन मुलं घरी गेली ती घरीच बसली आणि शिकलेलं सगळं विसरली. यंदा अठरा पूर्ण होणाऱ्या निकिताचं तसं होऊ द्यायचं नाही, असं सरांनी मनाशी घेतलं होतं. तिला गोष्ट कळायला वेळ लागायचा. एकदा कळली की मात्र दगडावरची रेघ.

म्हणून त्यांनी तिच्या घराजवळच्या, देवगाव फाट्यावरच्या चतुराबाईंच्या पिठाच्या गिरणीत खेटे घातले. पाचव्या खेपेला चतुराबाई म्हणाल्या, "शनिवारपस्तोर बघते. पट्ट्यापाशी तिनं यायचं न्हाई, ते माझं काम. तिनं नुसतं डबे रांगेत लावून माझ्या हातात द्यायचे. जमलं तर ऱ्हाईल, न्हाई तर तुमची पोरगी तुमाला वापस."

सरांनी लगोलग तक्ता केला. जो आधी आला, त्याचा डबा आधी! रिकामे डबे मांडून शाळेत तीन दिवस तालीमही घेतली.

सोमवारी निकिताने त्यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. आधी केशरबाईंची ज्वारी, मग कुणाची तरी हरभऱ्याची डाळ, मग गीताबाईंचा गहू. चतुराबाई त्या वेळी फोनवर जावयाशी भांडण्यात गुंतल्या होत्या; हातात येईल तो डबा ओतत गेल्या. संध्याकाळी गीताबाई पिवळी पोळी पुराव्याला घेऊन गिरणीत हजर.

गव्हावर गहू दळायचा, ज्वारीवर ज्वारी, डाळ सगळ्यात शेवटी. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सरांच्या घरचं दळण कायम बायकोने आणलेलं.

"मास्तर, तुमाला डबा घेऊन गिरणीत कधी कुणी पाठवलंच न्हाई का?" चतुराबाईंनी फोनवर विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. निदान खोटं तरी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते धान्यांचा रंगीत तक्ता घेऊन पोचले. दुपारपर्यंत त्यावर इतकं पीठ बसलं की गहू आणि डाळ दोन्ही पांढरी झाली. चतुराबाईंनी तक्ता काढून ठेवला आणि निकिताचा हात धरून सरळ डब्यात खुपसला. "हा गहू. ही ज्वारी, गोल हाय बघ. ही डाळ. डोळे झाक अन् सांग." निकिताला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, चुकली, पुन्हा हात घातला. असं चार दिवस चाललं. शाळा सुटली की सर येऊन पोत्यावर गप्प बसायचे. शिकवायला काही नाही, हा प्रकार त्यांना नवा होता आणि जड जात होता.

शनिवारी निकाल. गयावया करायचं भाषण सरांनी पाठ केलं आणि निमित्ताला घरचा डबा बरोबर घेतला. निकिताने झाकण काढून आत हात घातला.

"गहू."

"हो, आपलाच हाय. घे पुढं, मला शाळेत जायचंय."

"ज्वारी चालू हाय. गव्हाला दुपारी या."

"अगं, मी सर हाय!"

निकिताने विचार केला. "सर हाय. पण गहू हाय."

तिने डबा उचलून भिंतीकडच्या गव्हाच्या ओळीत शेवटी ठेवला. सरांनी आशेने चतुराबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलाव?" त्या म्हणाल्या. "रांग तिची हाय. सोमवारीबी तीच लावणार हाय."

भाषण तोंडातच राहिलं. गिरणीबाहेर येऊन सरांनी ओळख ना पाळख अशा एका जीपवाल्याला चहा पाजला. एवढा आनंद एकट्याने कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना.

दुपारी ते पीठ न्यायला आले तेव्हा गिरणीत गर्दी होती. निकिताने डबा त्यांच्या हातात दिला आणि कोण आहे हे न बघताच म्हणाली, "सरका, मागं माणसं हायत."