अण्णांच्या खांद्यावरून

घरात तिला सगळे सूनबाई म्हणायचे. सगळे म्हणजे एकटे अण्णाच, कारण परक्या देशातल्या त्या दोन खोल्यांत ती, नवरा आणि सासरे एवढीच माणसं, आणि नवरा 'अगं' वर भागवायचा. तेव्हा आपणही तिला सूनबाईच म्हणू. ही सूनबाई एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला बसून लोकांचे कपडे दुरुस्त करायची. पँटची उंची कमी कर, कोटाचं अस्तर बदल, तुटलेली चेन बसव. गिऱ्हाईक स्टुलावर उभं राहायचं, आणि ही खाली गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून पँटचा काठ दुमडायची. आठवडाभर ते शहर तिला घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच दिसायचं. वरची माणसं बघायची राहून जायची, आणि बाईचा स्वभाव असा, की काही बघायचं राहिलं तर तिला जेवण गोड लागत नसे.

म्हणून तिने कॅमेरा घेतला. जुन्या बाजारातला, पट्टा उसवलेला. पट्टा तिने घरी आणून दुहेरी शिवणीने शिवला. रविवार उजाडला की पायाला भिंगरी. पूल, पुतळे, राजवाडा यांच्याकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिला हवा असायचा बसथांब्यावर उकडलेलं अंडं सोलणारा आणि टरफलं खिशात ठेवणारा माणूस. गादी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या दोन बहिणी. भिंतीला पाय लावून बुटाची नाडी बांधणारा पोस्टमन. असलं काही दिसलं की तिचा हात शिवशिवायचा.

पण एकदा एका बाईने तिला भर थांब्यावर धरलं. बाई लेकीची वेणी घालत होती, हिने फोटो काढला, आणि बाईने उठून तिचा असा काही उद्धार केला की दहा माणसं वळून बघायला लागली. फोटो तिथल्या तिथे पुसायला लावला. सूनबाईला तिथली भाषा शिव्या कळण्याइतकी येत होती, उलट बोलण्याइतकी येत नव्हती. ती कानकोंडी होऊन घरी आली आणि दोन महिने कॅमेरा कपाटात पडून राहिला.

मग तिकडे मायदेशी सासूबाई गेल्या, आणि एकटे कसे राहतील म्हणून नवऱ्याने अण्णांना इकडे आणलं. अण्णा एका शाळेत चौतीस वर्षं शिपाई होते. उंच, सरळ, आणि कुणाच्या अध्येमध्ये येऊ नये याची सदा काळजी घेणारे. पहिल्या रविवारी सूनबाई त्यांना चौकात घेऊन गेली आणि म्हणाली, उभे राहा, तुमचा फोटो काढते. मनापासूनच म्हणाली होती. पण अण्णांच्या मागे, चपलांच्या दुकानासमोर एक जोडपं भांडत होतं, आणि त्यातल्या बाईने नव्याकोऱ्या बुटांपैकी एक काढून नवऱ्याच्या हातात दिला. सूनबाईची नजर घसरली ती घसरलीच. तिने अण्णांच्या कानाजवळून कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. ओरडणं दूरच, रस्त्यावरची माणसं उलट अदबीने थांबली, म्हातारबुवांचा फोटो बिघडू नये म्हणून.

झालं. तिला गुरुकिल्लीच सापडली. लोक दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात. हिने सासऱ्याच्या खांद्यावर कॅमेरा ठेवला, आणि आठ महिने तो खाली उतरवला नाही.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी ते दोनदा दाढी करायचे. मरून स्वेटर घालायचे, त्यावर सदऱ्याची कॉलर काढून सारखी करायचे, खिशात कंगवा ठेवायचे. उभे राहायचे ते शाळेत प्रार्थनेला राहतात तसे, हात मांडीला चिकटवून. ती म्हणायची, "अण्णा, जरा डावीकडे. अजून थोडं." ते सरकायचे. आपल्यासाठी पोर किती खपते याचं त्यांना कौतुक वाटायचं, आणि ते कौतुक ते खालच्या मजल्यावरच्या, एकही शब्द न कळणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा खुणांनी सांगायचे. संध्याकाळी हळूच विचारायचे, माझे कसे आले? ती म्हणायची, छान आलेत. मग ते आक्काचा विषय काढायचे. आक्का त्यांची थोरली बहीण, त्यांना लहानाचं मोठं केलेली, आता ऐंशीच्या पुढची. तिला फोनच्या काचेवर काही दिसत नाही, हातात कागद लागतो. एक फोटो छापून पाठवायचा होता. सूनबाई म्हणायची, पाठवू ना, आणि विषय तिथेच राहायचा.

एकदा सिग्नलला उभे असताना अण्णा आपणहून बोलले. शाळेत दर वर्षी वर्गाचे फोटो निघायचे, त्यासाठी बाकं मीच ओढायचो, लहान मुलांना पुढे बसवायचो, मागच्यांना उंचीने लावायचो, आणि फोटोवाला तयार झाला की बाजूला व्हायचो, असं काहीबाही सांगत होते. शेवटी म्हणाले, "एकट्याचा असा माझा कुणी काढला नव्हता, सूनबाई."

"हो का," ती म्हणाली. ती समोरच्या फुटपाथवर शिडी घेऊन चाललेल्या माणसाकडे बघत होती.

नाही म्हणायला तिला नंतर टोचलं. पुढच्या रविवारी एक तरी नीट काढायचा असं तिने ठरवलं. पण पुढच्या रविवारी अण्णांच्या मागे त्यांच्याहून भारी कुणीतरी उभं असायचंच.

एका शुक्रवारी ती घरी मशीनवर बसली असताना अण्णांनी विचारलं, की कॅमेऱ्यातले फोटो बाहेर कसे येतात. तिने मान वर न करता सांगितलं, की आत नखाएवढं कार्ड असतं, स्टेशनाजवळच्या फोटोच्या दुकानात एक मशीन आहे, त्यात ते घातलं की सगळे फोटो पडद्यावर दिसतात, हवा तो छापून मिळतो. अण्णा म्हणाले, असं होय. आणि आत जाऊन झोपले.

शनिवारी दुकान अर्धा दिवस. दीड वाजता ती घरी आली तर दाराला कुलूप. अण्णा म्हणजे घड्याळ. साडेबाराला पानावर बसणारच. ताट झाकलेलं तसंच होतं, फोन चार्जिंगला लावलेला, आणि खुंटीवरची टोपी गेलेली. आधी तिला राग आला. मग ती बागेतल्या बाकापर्यंत जाऊन आली. मग वाचनालयात, जिथे ते वर्तमानपत्रातली चित्रं बघत बसायचे. मग भाजीवाल्याकडे. भाजीवाल्याने आज ते आलेच नाहीत असं मानेने सांगितलं, तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा बसच्या डेपोत कामावर होता. तो म्हणाला, निघतो, पण पोचायला दोन तास लागतील, तू पोलिसांत जा.

चौकीतली पोलीसबाई शांत आणि सभ्य होती, आणि त्या सभ्यपणानेच सूनबाईला जास्त धडकी भरली. वय? उंची? अंगात काय होतं? इथली भाषा येते का? सूनबाई म्हणाली, दोनच शब्द येतात, 'धन्यवाद' आणि 'माफ करा'. चेहऱ्यावर काही खूण?

"तीळ आहे," सूनबाई म्हणाली. "गालावर."

"कुठल्या?"

सूनबाईने उजवा हात उचलला, मग डावा. बाईने तेवढी जागा कोरी सोडली आणि अलीकडचा फोटो मागितला. पासपोर्ट मुदत वाढवायला सरकारी कचेरीत गेलेला. नवऱ्याच्या फोनवर एकच, विमानतळावरचा, त्यात अण्णा कानटोपी आणि मफलरमध्ये असे गुंडाळलेले की फक्त चष्मा दिसतो. पण फोटोंची काय वाण, माझ्याकडे ढीगभर आहेत, दहा मिनिटांत आणते, असं म्हणून ती जवळजवळ धावतच सुटली.

घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. पहिला रविवार. भांडणारं जोडपं, बाईच्या पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ, आणि डाव्या कडेला तपकिरी धुकं. ते धुकं म्हणजे अण्णांचा कान. पुढचा. फुगेवाला, आणि मरून रंगाचा खांदा. पुढचा. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा कुत्र्याला दटावतोय, आणि टोपीचा अर्धा काठ. तिचं बोट भराभर चालायला लागलं. कॉलर. कान. एक हात, मांडीला चिकटवलेला. परत खांदा. चारशेच्या वर फोटो होते. त्यातला एकूण एक परका माणूस तिला ओळखू येत होता, कोण कुठे उभा होता, काय बोलत होता ते आठवत होतं. अण्णा मात्र एकाही फोटोत नव्हते. आणि आठ महिने रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाच्या भुवया कशा आहेत हेही तिला आठवेना.

गेल्या रविवारचे फोटो अजून कॅमेऱ्यातच होते. कारंज्यापाशी अण्णा बराच वेळ उभे होते, त्यात एखादा असेल. तिने कॅमेरा चालू केला, तर आत कार्ड नाही असं तो दाखवायला लागला. तिने खालचं झाकण उघडलं. खरंच नव्हतं.

अण्णांचं शुक्रवारचं विचारणं तिला आठवलं. त्या कार्डावरचे फोटो ती कधी पुसत नसे. पहिल्या रविवारपासूनचे सगळे त्यावर होते. अण्णा हरवले असतील ही भीती एकीकडे, आणि अण्णा सापडतील तेव्हा त्यांनी सगळं बघितलेलं असेल ही दुसरीकडे. यातली मोठी कुठली, हे तिचं तिलाच सांगता येईना. आणि दुसरीही आपल्याला छळते आहे हे कळल्यावर तर तिला स्वतःचीच किळस आली. तिने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि स्टेशनाचा रस्ता धरला.

फोटोच्या दुकानातल्या माणसाने तिला बघितलं, तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि हनुवटीने आत दाखवलं. दहाला आलेत, तो म्हणाला. मदत करू का म्हणून तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी धन्यवाद म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

अण्णा मशीनसमोरच्या स्टुलावर बसले होते. टोपी गुडघ्यावर. अंगात मरून स्वेटर, रविवार नसूनही. पडद्यावर तो फुगेवाला होता. अण्णा एकेक फोटो पुढे करत होते, घाई नव्हती, प्रत्येक फोटोचे चारी कोपरे बघून मगच बोट लावत होते. तिची चाहूल लागली तसे ते चोरी पकडल्यासारखे उठले.

"न विचारता घेतलं, सूनबाई. आक्कासाठी एक छापून घ्यावा म्हटलं." मग मशीनकडे बघून म्हणाले, "मला हे नीट चालवता येत नाही बघ. माझे कुठे गेले ते सापडेनात."

एवढं म्हणून त्यांनी तिला सुटायला वाट करून दिली होती. हो, मशीनच बिघडलंय, चला घरी, एवढंच म्हणायचं होतं तिला. शब्द ओठांवर आलाही होता.

"तुमचे नाहीतच, अण्णा," ती म्हणाली. "मी मागच्या लोकांचे काढत होते. पहिल्यापासून."

अण्णांनी पडद्याला बोट लावून पुढचा फोटो आणला.

"ते कळलं मला," ते म्हणाले. "सगळे एकदा बघून झाल्यावर."

"मग अजून काय बघत होता?"

"एखादा चुकून आला असेल म्हणून."

सूनबाईला रडू फुटलं, आणि दुकानदार सभ्यपणे दुसरीकडे बघायला लागला. तिने नवऱ्याला फोन केला, चौकीला फोन केला, सापडले म्हणून सांगितलं. अण्णा तोवर टोपी हातात फिरवत उभे होते, आपल्यापायी केवढी धावपळ झाली म्हणून ओशाळलेले. तिने मशीनमधून कार्ड काढलं, कॅमेऱ्यात घातलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर रस्त्यावर आणलं. इथे उभे राहा, म्हणाली.

त्यांनी खिशातून कंगवा काढला. केस सारखे केले, कॉलर बाहेर काढली, हात मांडीला लावले. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या मागून एक हमाल डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन आला, खुर्चीचे चार पाय आभाळाकडे, आणि खालचा माणूस मजेत शीळ घालतोय. तिची नजर गेली. खोटं कशाला बोला, गेलीच. आठ महिन्यांची सवय एका दिवसात कुठे जाते.

अण्णांनी ती जाताना बघितली. मान वळवून त्यांनी हमालाला बघून घेतलं आणि समजूतदारपणे एक पाऊल सरकले. "मी जरा बाजूला होतो," ते म्हणाले, "म्हणजे तो नीट येईल तुझा."

तिने कॅमेरा खाली केला. जवळ जाऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि त्यांना दुकानाच्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. हमाल शीळ घालत निघून गेला, तिने वळून बघितलं नाही. मग ती इतक्या जवळ उभी राहिली की कॅमेऱ्यात दुसरं काही मावूच नये, आणि बटण दाबायच्या आधी तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. भुवया पांढऱ्या होत्या, डावी मध्येच तुटलेली. तीळ डाव्या गालावर होता.